पैसे आटले तेव्हा कॉलेजं वाढली कशी? कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ अकाउंटिंग शिकवते. त्याआधी अशाच दुसऱ्या एका कॉलेजात मी विद्यार्थिनी होते, तेही २००८ नंतरच्या त्या वाईट वर्षांत. गणपतीत मंडळाच्या हॉलवर, वाढदिवसाच्या जेवणावळीत आणि सांगलीहून येणाऱ्या फोनवर मला या कॉलेजांबद्दल ठरावीक प्रश्न विचारले जातात. आता राज्याच्या तिजोरीत तूट असल्याच्या बातम्या आल्या, की ते प्रश्न वाढतात. म्हणून एकदाच बसून लिहिलं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं ज्युनिअर कॉलेजच ना?

नाही. आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. इथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे बारावीनंतरची पहिली दोन वर्षं, शिवाय नर्सिंग, वेल्डिंग, बालवाडी शिक्षक, अकाउंटिंग असे धंदेशिक्षणाचे अभ्यासक्रम, शिवाय नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग. गोंधळ होतो तो जुन्या नावामुळे, कारण पूर्वी इथेही त्यांना ज्युनिअर कॉलेजच म्हणत.

इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राउन या दोघांनी मिळून ते काढलं. भागीदारी या कॉलेजांच्या जन्मातच आहे, ती संकटात सुचलेली युक्ती नाही. कॅलिफोर्नियाने १९०७ साली हायस्कूलांना बारावीपुढचे वर्ग चालवायची परवानगी दिली आणि १९१० साली फ्रेस्नोत पहिलं कॉलेज सुरू झालं. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे प्रवेशाला कटऑफ नाही. १९६०च्या राज्य आराखड्यात तीन दारं ठरली: वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशाला स्टेट युनिव्हर्सिटी आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. तिसरं दार बंद झालं तर त्या मुलाला पुढे दार नाही. खाली जे काही लिहिलंय ते वाचताना एवढं लक्षात असू द्या.

एवढं श्रीमंत राज्य, तरी कॉलेजांचे पैसे आटले कसे?

१९७८ साली मतदारांनी प्रपोझिशन १३, म्हणजे थेट मतदानाला आलेला प्रस्ताव, मंजूर केला. घरपट्टी ठरवलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधली गेली आणि ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं. गावच्या घरपट्टीवर चालणारी कॉलेजं त्या दिवसापासून राज्याच्या तिजोरीकडे बघू लागली. तोवर शिक्षण फुकट होतं. १९८४ साली पहिल्यांदा युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं माप) ५ डॉलर फी आली. १९८८च्या प्रपोझिशन ९८ने शाळा आणि कॉलेजांना किमान वाटा बांधून दिला, पण तो वाटा राज्याच्या उत्पन्नाशी जोडलेला. उत्पन्न पडलं की वाटाही पडतो. आणि कॅलिफोर्नियाचं उत्पन्न श्रीमंतांच्या आयकरावर, म्हणजे शेअर बाजारावर फार अवलंबून आहे. २००८ साली बाजार कोसळला आणि घरांचे भावही पडले. पुढचं सांगायला नको.

त्या वर्षांत नेमकं किती नुकसान झालं?

२००८-०९ ते २०११-१२ या काळात राज्याने कम्युनिटी कॉलेजांचे सुमारे ८१ कोटी डॉलर कापले, म्हणजे साधारण १२ टक्के. जे मंजूर होते तेही वेळेवर मिळेनात. राज्य हप्ते पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलायचं आणि कॉलेजं पगारासाठी कर्ज काढायची. फी २००९ साली २० डॉलरवरून २६, २०११ साली ३६ आणि २०१२च्या उन्हाळ्यात ४६ डॉलर झाली. विद्यार्थ्यांची संख्या २९ लाखांवरून २४ लाखांवर आली. बेकारी वाढली की माणसं शिकायला परत येतात, म्हणजे ही संख्या खरं तर वाढायला हवी होती. ती घटली कारण वर्गच नव्हते. २०१२च्या फॉल, म्हणजे ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला ४ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी वेटलिस्टवर होते.

त्यांच्यासारखीच मी २०१० साली होते. बी.कॉम. होऊन लग्नानंतर इथे आले होते. इथल्या हिशेबाची पद्धत शिकावी म्हणून अकाउंटिंगच्या पहिल्या कोर्सला नाव घातलं आणि वेटलिस्टवर बाविसावा नंबर लागला. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर भिंतीला टेकून माणसं उभी. चाळिशीतला एक गवंडी हेल्मेट काखेत धरून उभा होता, एक बाई कडेवर मूल घेऊन आल्या होत्या. सरांनी हजेरी घेतली, न आलेल्यांची नावं खोडली आणि तीन चिठ्ठ्यांवर वर्गात नाव घालायचा ॲड कोड लिहून पहिल्या तिघांना दिले. मग हातातलं पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "माफ करा, माझ्याकडे एवढेच आहेत." आम्ही एकेक करून बाहेर पडलो. पार्किंगसाठी चार डॉलर भरले होते, ते तेवढ्यासाठी गेले. मला तो कोर्स तिसऱ्या सेमिस्टरला मिळाला. तो गवंडी पुन्हा दिसला नाही.

मुलं दाराशी उभी होती, तर जास्त वर्ग घ्यायला काय हरकत होती?

राज्य कॉलेजला नुसत्या विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर पैसे देत नाही, मुख्यतः पूर्ण वेळ विद्यार्थ्याच्या हिशेबाने देतं. ५२५ तास शिकवणं झालं की एक पूर्ण वेळ विद्यार्थी धरतात. वर्षाला असे किती विद्यार्थी मोजले जातील याची मर्यादा राज्य घालतं. संकटात राज्याने ती मर्यादाच खाली आणली. त्यावर एक जरी वर्ग घेतला, तरी त्याचा खर्च कॉलेजच्या अंगावर.

भागीदारीची गरज इथून सुरू होते. खोली दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचं, शिक्षकाच्या पगारातला काही वाटा दुसऱ्याचा, म्हणजे त्याच पैशात जास्त माणसं शिकतील. किंवा असंही करता येतं, की विद्यार्थी वाया घालवतो ती सेमिस्टरं वाचवायची. याकडे लोकांचं लक्ष कमी जातं, पण माझ्या मते सगळ्यात मोठी बचत तिथेच आहे. त्याचं उदाहरण लाँग बीच.

लाँग बीचमध्ये काय केलं?

लाँग बीच हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं बंदराचं शहर. आपल्या लोकांना आर्टेशियाचा पायोनिअर बुलेव्हार्ड, भारतीय दुकानांचा तो रस्ता, माहीत असतो, तिथून अर्ध्या तासाच्या आत. शहरात सार्वजनिक शाळांची एक मोठी यंत्रणा, एक कम्युनिटी कॉलेज (लाँग बीच सिटी कॉलेज) आणि एक स्टेट युनिव्हर्सिटी. तिघांचे विद्यार्थी बहुतांशी त्याच घरांतले. तरी वर्षानुवर्षं प्रत्येक जण आपापलं बघायचा आणि मुलं मधल्या फटीत पडायची.

२००८ साली, म्हणजे तिजोरी रिकामी होत असतानाच, तिघांनी मिळून 'लाँग बीच कॉलेज प्रॉमिस' या करारावर सह्या केल्या. वचन असं: शाळा मुलांना कॉलेजसाठी तयार करेल, सिटी कॉलेज शाळेतून थेट येणाऱ्यांना पहिलं सेमिस्टर फुकट देईल आणि स्टेट युनिव्हर्सिटी किमान अटी पूर्ण करणाऱ्या स्थानिक मुलांना प्रवेशाची हमी देईल. फुकट सेमिस्टरचे पैसे कॉलेजच्या फाउंडेशनने देणग्यांमधून उभे केले. पुढे त्या एका सेमिस्टरचं पूर्ण वर्ष झालं आणि २०१४ साली महापालिकाही करारात आली.

मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट कागदोपत्री अगदी लहान दिसते. शाळांमधल्या चौथीच्या मुलांना सिटी कॉलेज दाखवायला नेतात आणि पाचवीच्या मुलांना स्टेट युनिव्हर्सिटी. ज्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिथला नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी आईला सांगतो, की आज मी तिथल्या लायब्ररीत बसलो होतो. पुढे अठराव्या वर्षी फॉर्म भरताना ती जागा त्याला परकी वाटत नाही. या कामाला बसभाड्यापलीकडे खर्च नाही.

यातून पैसे कसे वाचले? हे तर फुकट वाटणं झालं.

त्या काळी कॉलेजात आल्यावर इंग्रजी आणि गणिताची एक संगणकीय परीक्षा व्हायची. त्यात कमी पडलं की मुलाला 'रेमेडियल' वर्गात टाकायचे, कधी सलग तीन-चार सेमिस्टरं. या वर्गांचं युनिट पुढे कुठे धरलं जात नसे. बहुतेक मुलं तिथेच गळायची. आपल्या मराठी घरांतल्या, भारतातून बारावी करून आलेल्या कितीतरी मुलांना उच्चार आणि शब्दांच्या फरकामुळे असं खाली बसवलेलं मी पाहिलंय.

शाळेशी करार असल्यामुळे लाँग बीचला मुलांची हायस्कूलची गुणपत्रकं थेट मिळत होती. कॉलेजच्या संशोधकांनी ती तपासली. चार वर्षांचे वर्गातले गुण हे एका दुपारच्या परीक्षेपेक्षा मुलाचं पुढचं यश कितीतरी चांगलं सांगतात, असं दिसलं. मग २०१२च्या फॉलपासून प्रॉमिसच्या मुलांना गुणपत्रकावरून वर्ग दिले. इंग्रजीच्या मुख्य वर्गात थेट बसणाऱ्या आणि तो पास होणाऱ्या मुलांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं.

हिशेब करून बघा. वेटलिस्ट लांबलेली असताना कॉलेज हजारो खुर्च्या अशा वर्गांवर खर्च करत होतं, जे मुलांना लागतच नव्हते. हा शोध कुठल्याही देणगीदाराने दिला नाही. दोन संस्थांनी आपली कपाटं एकमेकांना उघडून दाखवली, एवढंच झालं. २०१७ साली एबी ७०५ हा कायदा आला आणि राज्यातल्या सगळ्याच कॉलेजांना गुणपत्रकावरून इंग्रजी-गणिताचे वर्ग द्यावे लागले. फुकट पहिल्या वर्षाची कल्पनाही २०१७च्या एबी १९ या कायद्याने राज्यभर गेली.

म्हणजे लाँग बीचला संकटाची झळ बसलीच नाही?

बसली, आणि वाईट बसली. २०१३च्या जानेवारीत याच कॉलेजच्या विश्वस्तांनी ११ अभ्यासक्रम बंद करायचा ठराव केला. त्यातले बरेचसे हाताच्या कसबाचे, वर्कशॉपचे. असे वर्ग महागात पडतात, कारण यंत्रं लागतात आणि एका शिक्षकापाशी विद्यार्थी थोडेच बसवता येतात. संख्येच्या कोष्टकात ते नेहमी शेवटी येतात.

ज्यांचं मन इंजिनात रमतं आणि निबंधात नाही, अशा मुलांना त्या वर्षी कॉलेज परकं झालं. प्रॉमिसचं कौतुक करताना लोक हा ठराव सांगत नाहीत, म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवलं. विद्यापीठाच्या वाटेसाठी भागीदार होता, वर्कशॉपसाठी नव्हता.

वर्कशॉप आणि दवाखान्याच्या अभ्यासक्रमांना भागीदार कोण मिळतात?

नर्सिंगचं उदाहरण सगळ्यात सोपं. हॉस्पिटलच्या वॉर्डशिवाय नर्स घडत नाही आणि वॉर्डमध्ये एका प्रशिक्षकापाशी मोजकेच विद्यार्थी ठेवता येतात. त्यामुळे तुकडी वाढवायची तर प्रशिक्षक वाढवावे लागतात. अनेक हॉस्पिटलं आपल्या अनुभवी नर्सेस शिकवायला देतात, काही पगाराचा भार उचलतात. त्यांना पुढे माणसं मिळतात, कॉलेजला तुकडी मिळते.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, लोखंडकाम यांच्या ॲप्रेंटिसशिपमध्ये युनियन आणि मालक मिळून प्रशिक्षण केंद्र चालवतात. उमेदवार दिवसा पगारावर काम करतो, संध्याकाळी वर्गाला बसतो आणि कॉलेज त्या वर्गाला मान्यता आणि युनिटं देतं. आपल्या आयटीआयची ओळख असलेल्याला हे लगेच कळेल. फरक एवढा, की इथे इलेक्ट्रिशियन झालेल्याला ती युनिटं धरून पुढे पदवीकडेही जाता येतं.

अग्निशमन दल आणि पोलीस अकादम्यांशीही असे करार असतात. त्यावर एक रास्त आक्षेप आहे: जे प्रशिक्षण तसंही होणारच होतं, त्याचे तास आपल्या हिशेबात धरून कॉलेज राज्याकडून पैसे घेतं. माझं मत विचाराल तर मी एकच बघते. बाहेरच्या माणसाला त्या वर्गात यायला वाट आहे का? असेल तर ठीक. नसेल तर ते कागदावरचं वाढणं.

कंपनीने पैसे दिले की अभ्यासक्रम तिच्या ताब्यात जातो का?

कॉन्ट्रॅक्ट एज्युकेशन नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात कंपनी पूर्ण खर्च देते आणि तिच्याच कामगारांना शिकवलं जातं. ते राज्याच्या पैशात मिसळत नाहीत. नेहमीच्या अभ्यासक्रमात मात्र काय शिकवायचं हे कॉलेजच्या प्राध्यापकांची समिती ठरवते, कंपनी सल्लागार मंडळात बसते. कागदावर तरी अशी रेषा आहे. ती पुसट होते तेव्हा शिकवणाऱ्याला पहिल्यांदा कळतं, कारण एकाच सॉफ्टवेअरची बटणं शिकवायचा आग्रह सुरू होतो आणि हिशेबाचं तत्त्व मागे पडतं.

हायस्कूलमध्येच कॉलेजचे कोर्स मिळतात म्हणे. आमच्या मुलीने घ्यावेत का?

हा मंडळातला पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. त्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. संकटाच्या वर्षांत मर्यादेमुळे हे वर्ग मागे पडले होते. २०१५ साली एबी २८८ कायदा झाला आणि २०१६पासून कॉलेजं शाळांशी करार करून थेट शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ लागली. फी लागत नाही. खोली शाळेची, अभ्यासक्रम कॉलेजचा. एकाच तासासाठी शाळा आणि कॉलेज दोघांनी राज्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, अशी अट आहे.

कायद्याचा रोख आपल्यासारख्या घरांवर नव्हता हे प्रामाणिकपणे सांगते. ज्या मुलांना कॉलेज आपलं वाटत नाही, त्यांना वाट दाखवायला तो केला. पण दार सगळ्यांना आहे, आणि मुलीला एखाद्या विषयाची खरी ओढ असेल तर जरूर घ्यावा. एक गोष्ट आईवडिलांना कुणी सांगत नाही: तिथे मिळालेला ग्रेड तिच्या कॉलेजच्या नोंदीवर कायमचा राहतो. नववीत हौसेने घेतलेल्या कोर्सातला 'डी' चार वर्षांनी युनिव्हर्सिटीच्या अर्जात लिहावा लागतो. कोर्स कुठे धरला जाईल हे 'असिस्ट' या राज्याच्या साइटवर आधी बघा.

कम्युनिटी कॉलेजात पूर्ण पदवी मिळू शकते का?

दोन प्रकारे. काही कॉलेजांनी विद्यापीठांनाच आपल्या आवारात बोलावलं. सांता क्लारिटा इथल्या कॉलेज ऑफ द कॅनियन्सने २००९ साली, ऐन मंदीत, युनिव्हर्सिटी सेंटरची इमारत उघडली. तिथे बाहेरची विद्यापीठं येऊन बी.ए. आणि एम.ए.चे वर्ग घेतात. ज्या गावात चार वर्षांचं सरकारी विद्यापीठ नाही आणि नवं बांधायला राज्याकडे पैसा नाही, तिथे हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. नोकरी आणि मुलं सांभाळून शिकणाऱ्या बाईला रोजचा तासाभराचा फ्रीवे वाचतो.

दुसरा प्रकार म्हणजे कॉलेजचीच बॅचलर्स. २०१४च्या एसबी ८५० या कायद्याने १५ कॉलेजांना प्रायोगिक परवानगी दिली आणि २०२१ साली ती कायम झाली. फूटहिल कॉलेजातली डेंटल हायजीनची पदवी त्यातलीच.

ट्रान्सफरची हमी खरी असते का?

२०१०च्या एसबी १४४०पासून बऱ्याच अंशी खरी. ठरावीक ६० युनिटांची असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर पूर्ण केली की स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हमी त्या यंत्रणेतल्या प्रवेशाची आहे, तुमच्या आवडत्या कॅम्पसची नाही.

सगळ्याच नव्या कल्पना चालल्या का?

नाही. सांता मोनिका कॉलेजने २०१२ साली असं सुचवलं, की राज्य वर्गांचे पैसे देत नसेल तर आम्ही जादा तुकड्या पूर्ण खर्चाच्या दराने काढतो. युनिटमागे सुमारे १८० डॉलर, जेव्हा नेहमीचा दर ३६ होता. प्रशासनाचं म्हणणं असं, की एरवी हे वर्ग होणारच नाहीत, मग ज्याला परवडतं त्याला तरी शिकू द्या. विद्यार्थ्यांना त्यात एकाच बाकाचे दोन भाव दिसले. ३ एप्रिलच्या विश्वस्तांच्या सभेत विद्यार्थी आत शिरायला लागले आणि त्यांच्यावर पेपर स्प्रे मारला गेला. राज्यभर आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत योजना थांबवली गेली.

प्रशासनाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही दाराशी तीच रांग होती. पण त्या रांगेत मी उभी होते, आणि मला ठाऊक आहे की १८० डॉलरचा भाव लागला असता तर रांग कशी सरकली असती. पुढे २०१३ साली एबी ९५५ने सहा कॉलेजांना सुट्टीतल्या सत्रांसाठी अशी मुभा दिली. ती वापरायला पुढे आलं फक्त लाँग बीच. बाकीच्यांनी ती नको म्हटली, यातच उत्तर आहे.

एखादं कॉलेज बुडालंच, तर भागीदारी त्याला वाचवू शकते?

कॉम्प्टनचं वाचलं. कॉम्प्टन कॉलेज १९२७ सालचं, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं, कष्टकरी काळ्या आणि लॅटिनो वस्तीतलं. कारभार ढासळला आणि मानांकन संस्थेने त्याची मान्यता काढली. मान्यता गेली की युनिटं कुठे धरली जात नाहीत, शिष्यवृत्ती मिळत नाही, कॉलेज संपतं. २००६ साली राज्याने एबी ३१८ने ३ कोटी डॉलरपर्यंत कर्जाची सोय केली आणि शेजारचं, टॉरन्सजवळचं एल कमिनो कॉलेज पुढे आलं. त्या ऑगस्टपासून कॉम्प्टन हे एल कमिनोचं केंद्र म्हणून चालू राहिलं. वर्ग तिथेच, फळ्यावरचा खडू तोच, गुणपत्रकावर नाव शेजाऱ्याचं.

गावातल्या लोकांना ते झोंबलं. आपलं कॉलेज दुसऱ्याच्या नावाने चालणं कुणाला आवडेल? पण दार उघडं राहिलं. २०१७च्या जूनमध्ये कॉम्प्टनला स्वतःची मान्यता परत मिळाली आणि २०१९ साली ते पूर्ण वेगळं झालं. मंदीची सगळी वर्षं ते शेजाऱ्याच्या छत्रीखाली होतं. एल कमिनोला यातून काय मिळालं, असं मला एकाने विचारलं होतं. डोकेदुखी बरीच मिळाली असावी. तरी त्यांनी ती जवळपास तेरा वर्षं निभावली, आणि याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

शिकवणाऱ्यांचं काय होतं या सगळ्यात?

आपल्याकडे 'तासिका तत्त्वावर' म्हणतात ना, तेच इथे. राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांत बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ आहेत. एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच विश्वस्त मंडळाखालच्या कॉलेजांत, पूर्ण वेळेच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम त्यांना देता येत नाही, म्हणून माणूस दोन-तीन कॉलेजांत शिकवतो आणि मधला दिवस गाडीत काढतो. इथे त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. माझ्या डिकीत अजूनही तीन कॉलेजांच्या फायली वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत असतात. वर्ग कापले जातात तेव्हा पहिली गदा आमच्यावर येते. आणि भागीदारीतून नवा वर्ग येतो तेव्हा तो बहुतेक वेळा आमच्यापैकीच कुणाला तरी, पुढच्या सेमिस्टरची शाश्वती न देता मिळतो. भागीदारीचे फोटो काढले जातात त्यात अर्धवेळ शिक्षक क्वचित दिसतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

महाराष्ट्रात असं काही झालं का?

आपल्याकडे याचे दोन्ही नमुने आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा तिजोरी नव्हतीच. गावाने धान्य दिलं, जागा दिली, मुलांनी 'कमवा आणि शिका'त घाम गाळला आणि लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मंगळसूत्र विकलं. जात न विचारता सगळ्यांची मुलं एका पंगतीला बसली. भागीदार गरीब होते, पण दार सगळ्यांना उघडं होतं.

दुसरा नमुना १९८३चा. तंत्रशिक्षण वाढवायला सरकारकडे पैसा नाही, म्हणून वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा भराभर वाढल्या हे खरं. देणगी देऊन कर्नाटकात जाणारी आपली मुलं घराजवळ शिकली, माझा मोठा मामेभाऊ त्यातलाच. पण खर्च पालकांच्या खिशात गेला आणि शेती विकून फी भरणारी घरंही मी माझ्याच गावात पाहिली. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांनी मंदीतही फी ४६ डॉलरवर थांबवली आणि गरिबाला ती माफ ठेवली. माझ्यासाठी मोठा फरक तो आहे.

मग भागीदारीने तूट भरून निघते का?

निघत नाही. २०१२च्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रपोझिशन ३० मंजूर केलं, विक्रीकर थोडा वाढला, मोठ्या उत्पन्नावरचा आयकर वाढला आणि त्यानंतर वर्ग परत आले. त्या वाढीतला मोठा वाटा कराचा आहे, कराराचा नाही. भागीदारीने मधली वर्षं काढता आली आणि काही चांगल्या सवयी लागल्या. ज्या पुढाऱ्याला निधी कापायचा असतो तो भागीदारीचं कौतुक जरा जास्तच करतो, हे मी आता ओळखायला शिकले आहे.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर आलेल्याच्या नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मुलांच्या व्हिसावर असलेल्यांना स्थानिक फी लागते का?

राज्यात एक वर्ष राहिल्याचा आणि इथेच राहायचा इरादा असल्याचा पुरावा दिला तर सहसा हो. भाडेकरार, बँकेची पत्रं, राज्याचा टॅक्स रिटर्न जपून ठेवा. पहिल्या वर्षी मात्र बाहेरच्यांची फी पडते आणि ती कितीतरी जास्त असते.

आमच्या गावचं कॉलेज नव्या भागीदाराशी करार करतंय. आम्ही काय विचारावं?

कॉलेजचे विश्वस्त तुम्हीच निवडून दिलेले असतात आणि त्यांच्या सभा ब्राउन ॲक्टखाली खुल्या असतात. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. त्यात 'कन्सेंट' नावाच्या भागात करारांची यादी दडलेली असते आणि ती चर्चेविना एका मताने मंजूर होते. तिथे बघा. करार उघडा आणि पैसे कोण देणार, किती वर्षं, तो भागीदार उठून गेला तर अर्ध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांचं काय, आणि रस्त्यावरून आलेल्या माणसाला त्या वर्गात नाव घालता येईल का, एवढं शोधा. उत्तर सापडलं नाही तर सभेला जा, दारातल्या चिठ्ठीवर नाव लिहा. बोलायला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा कागद थरथरत होता आणि मी वेटलिस्टवरच्या बाविसाव्या नंबरापासून सुरुवात केली. एका विश्वस्तबाईंनी चष्मा काढून विचारलं, "मग तो वर्ग शेवटी कधी मिळाला?" तिसऱ्या सेमिस्टरला, मी म्हटलं, आणि त्यांनी तो करार त्या दिवशीच्या कन्सेंट यादीतून बाहेर काढून चर्चेला घेतला.